चुरोच्या कडा शोभेच्या नाहीत

परवा रात्री साडेनऊला सांगलीहून मावशीचा व्हिडिओ कॉल आला. डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत ओलं फडकं गुंडाळलेलं. "अगं, काही नाही, जरा पोळलं," म्हणाली. जरा म्हणजे फडकं काढल्यावर दिसले तीन टपोरे फोड आणि त्यांच्या आजूबाजूला लाल झालेली कातडी. नातवाचा वाढदिवस म्हणून तिनं चुरो, म्हणजे साच्यातून पाडलेले मैद्याचे लांब स्पॅनिश दांडे, तळायला घेतले होते. पहिले तीन बरे निघाले. चौथा कढईत सोडला, थोडा फुगला, आणि फटाक्यासारखा फुटला. तेल ओट्यावर, टाइल्सवर, हातावर. ती झारा घ्यायला वळली होती म्हणून चेहरा वाचला. पाच वर्षांचा नातू तिच्या मागेच स्टुलावर उभा होता.

मावशी चाळीस वर्षं चकल्या, कडबोळी, अनारसे तळते आहे. तिला तळण शिकवायची गरज नाही. तिनं पाककृती तंतोतंत पाळली, एवढीच तिची चूक. आणि ती पाककृती आली होती भिशीच्या ग्रुपवरून, 'चुरोचा थक्क करणारा इतिहास' या मथळ्याच्या फॉरवर्डमधून. गेल्या महिन्याभरात हा फॉरवर्ड मलाही तीनदा आला. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते, दोन वर्षं माद्रिदला राहिले आहे, म्हणून लोक आवर्जून पाठवतात. तिन्ही वेळा मी न वाचता पुढे गेले. आता वाचलाय.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी, त्यात काय आहे ते थोडक्यात. चुरो मूळचा चीनचा. पोर्तुगीजांनी तो चोरून आणला. चीनच्या सम्राटानं पाककृती परदेशी माणसाला सांगणाऱ्याला देहदंड ठेवला होता, म्हणून पोर्तुगीजांना पीठ ओढायची कला शिकता आली नाही आणि त्यांनी साच्यातून पाडायला सुरुवात केली. नाव पडलं मेंढीच्या शिंगांवरून. पहिला चुरो १८९४ साली माद्रिदच्या सान हिनेस या दुकानात विकला गेला. स्पेनमध्ये तो जेवणानंतर दालचिनी-साखरेत घोळवून खातात. त्यात अंडं नसतं म्हणून तो शुद्ध शाकाहारी. आणि शेवटी घरगुती कृती: "चांदणीच्या आकाराच्या कडा फक्त शोभेच्या असतात. साचा नसेल तर दुधाच्या पिशवीचा कोपरा कापा किंवा सोऱ्याला एका मोठ्या गोल भोकाची चकती लावा. तेल धूर येईपर्यंत तापवा, म्हणजे चुरो तेल पीत नाही."

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते. बाकीच्या चुकांनी कुणाला इजा होत नाही, हिनं होते.

चुरोचं पीठ म्हणजे सरळ सांगायचं तर मैद्याची उकड. उकळतं पाणी, मीठ, मैदा. आपण मोदकाला तांदळाची काढतो तशीच, फक्त मैद्याची. मैद्याएवढंच पाणी मापून घालायचं असतं, त्यामुळे गोळ्यात पाणी भरपूर असतं. हा गोळा गरम तेलात पडला की बाहेरचा थर काही सेकंदांत कडक होतो. आतलं पाणी अजून पाणीच असतं. मग तेही तापतं, त्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे-सतराशे पट जागा लागते. ती जाणार कुठून?

चांदणीच्या चकतीतून पडलेल्या चुरोला लांबीभर पन्हळी असतात. त्या पन्हळींमुळे तेल जास्त जागी लागतं, आतल्या पिठाचा कुठलाच भाग पृष्ठभागापासून फार दूर राहत नाही, सगळं बऱ्यापैकी एकसारखं शिजतं. पीठ फुगलं की या खाचा उलगडतात, तिथे बारीक भेगा पडतात आणि वाफ तिथून निसटत राहते. तळताना चुरोच्या अंगावरून जे बुडबुडे येत असतात ती हीच वाफ. गुळगुळीत जाड नळीला अशी वाट नसते. बाहेर सगळीकडून सारखं कवच, आत कोंडलेली वाफ. कवच सहन करतं तोवर करतं आणि मग एकदम फुटतं, आतलं ओलं पीठ तेलात उडतं, आणि तेल तुमच्या अंगावर. मावशीनं पिशवीचा कोपरा अंगठ्याएवढा कापला होता. तिच्या हातानं बनलेली वस्तू चुरो नव्हती, तेलात सोडलेला बंद डबा होता.

कुणी म्हणेल, शेव तर गोल भोकातूनच पडते, ती नाही फुटत. शेव किती बारीक असते? तेलात पडताक्षणी आरपार शिजते, वाफ कोंडायला तिच्यात पोटच नसतं. कुणी माद्रिदला जाऊन आलेला म्हणेल, तिथली पोर्रा, म्हणजे चुरोची जाडजूड बहीण, तिला कडाही नसतात. बरोबर. पण पोर्राच्या पिठात खायचा सोडा किंवा खमीर घालतात, पीठ सैल असतं, आतून जाळीदार होतं. आणि ती तळणारा माणूस रोज पहाटेपासून तेवढंच काम करतो. मी ज्या गल्लीत राहायचे तिथल्या दुकानात कढईवर टांगलेल्या पितळी नळकांड्यातून पीठ पाडत पाडत तो सुदर्शन चक्राएवढं वेटोळं करायचा, दोन लांब काठ्या खाली सारून ते अख्खं चाक एका झटक्यात उलटायचा, बाहेर काढून कात्रीनं कापायचा. मी रोज बघायचे. त्याचा चेहरा कधीही कढईच्या वर आलेला मी पाहिला नाही.

आता "धूर येईपर्यंत तेल तापवा" याबद्दल. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. तेल कोमट असेल तर चुरो तेल पितो, तेलकट आणि चिवट होतो. पण त्यावर उपाय धूर काढणं हा नाही. चुरो १८० ते १९० अंश सेल्सियसला तळतात. धूर निघणाऱ्या तेलात कवच आणखी लवकर कडक होतं आणि आतलं पीठ कच्चं राहतं. म्हणजे स्फोटाची तयारी दुप्पट.

आणि हे माझं स्वयंपाकघरातलं मत नाही. यावर एका देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. चिलीतल्या 'ला तेर्सेरा' या मोठ्या दैनिकानं २००४ साली महिलांच्या पुरवणीत चुरोची पाककृती छापली. पुढच्या काही दिवसांत देशभरातल्या दवाखान्यांत भाजलेल्या बायका यायला लागल्या. सगळ्यांचं सांगणं एकच, पीठ कढईतून उसळून अंगावर आलं. प्रकरण कोर्टात गेलं. पाककृतीत तेलाचं जे तापमान सांगितलं होतं त्या तापमानाला चुरो फुटण्याची दाट शक्यता होती, आणि वर्तमानपत्रानं ती कृती छापण्याआधी नीट करून पाहिली नव्हती. २०११ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १३ जणांना मिळून सुमारे सव्वा लाख अमेरिकी डॉलर भरपाई द्यायला लावली. त्यातल्या एका बाईचं भाजणं इतकं गंभीर होतं की तिला एकटीला ४८ हजार डॉलर मिळाले.

तिथे निदान वर्तमानपत्राला पत्ता होता, संपादक होता, कोर्टात उभं करता आलं. या फॉरवर्डला कोण आहे? मावशीनं कुणाकडे जायचं?

(जाता जाता. फॉरवर्डमध्ये नव्हतं, पण मावशीनं पोळल्यावर आधी टूथपेस्ट लावली. टूथपेस्ट नको, बर्फ नको, हळद नको. पोळलेला भाग वीसेक मिनिटं नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरा, बांगड्या-अंगठ्या लगेच काढा, फोड फोडू नका, आणि भाजलेली जागा मोठी असेल तर डॉक्टरांकडे जा. मावशी दुसऱ्या दिवशी गेली. डाग राहणार नाही म्हणालेत.)

आता चीन.

ही गोष्ट इंटरनेटवर इंग्रजीतही जागोजागी आहे, त्यामुळे फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं ती मनची काढली असं म्हणत नाही. चिनी योउत्याओ आणि चुरो दोन्ही पिठाचे तळलेले लांब दांडे, दोन्ही सकाळी कशात तरी बुडवून खातात. दिसायला चुलत भावंडं वाटतात हे कबूल. पण पीठ बघा. योउत्याओच्या पिठात फुगवणारे पदार्थ असतात. दोन पट्ट्या एकावर एक ठेवून मधोमध काडीनं दाबतात, ओढून लांब करतात, तेलात त्या फुगून पोकळ होतात. चव खारी, आणि खायचं सोयाबीनच्या दुधाबरोबर किंवा भाताच्या पेजेबरोबर. चिनी लोक त्याची गोष्टही वेगळीच सांगतात. युए फेई या सेनापतीला ११४२ साली ज्याच्या कारस्थानामुळे ठार मारलं गेलं त्या चिन ह्वी नावाच्या मंत्र्याचा आणि त्याच्या बायकोचा राग म्हणून लोकांनी त्या दोघांचे पिठाचे पुतळे एकमेकांना चिकटवून तळले. दंतकथाच आहे, पण कँटनी भाषेत या पदार्थाच्या नावात आजही त्या 'तळलेल्या ह्वी'ची आठवण दिसते.

उलट चुरोच्या पिठात फुगवणारं काही नाही आणि तो ओढायचा नसतो. म्हणजे फॉरवर्डच्या म्हणण्याप्रमाणे पोर्तुगीजांनी पीठ बदललं, कृती बदलली, चव बदलली, साधन बदललं. मग आणलं काय?

देहदंडाची गोष्ट तर विचार न करता लिहिलेली आहे. योउत्याओ हा रस्त्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तळला जाणारा पदार्थ. दहा मिनिटं गाडीसमोर उभं राहिलं की पीठ कसं ओढतात ते कुणालाही दिसतं. ते गुपित ठेवणार कसं? आणि दोन पट्ट्या धरून ओढणं ज्यांना जमलं नाही त्यांना चांदणीच्या भोकाचा दट्ट्या बनवणं मात्र जमलं, हे कुठल्या तर्कात बसतं?

मुख्य म्हणजे तारखा. पोर्तुगीज चीनला पहिल्यांदा पोचले १५१३ मध्ये, मकावला त्यांचा जम बसला १५५७ मध्ये. आणि स्पेनचा दक्षिण भाग मुस्लिम राज्यकर्त्यांखाली होता, त्या काळातलं, तेराव्या शतकातलं, अरबीत लिहिलेलं एक पाककृतींचं पुस्तक आज उपलब्ध आहे. लेखकाचं नाव त्यावर नाही. त्यात झुलाबिया नावाचा पदार्थ आहे. बुडाला भोक असलेल्या भांड्यात पातळ पीठ घ्यायचं, गरम तेलावर हात फिरवत कडी आणि जाळ्या पाडायच्या, मग मधात बुडवायच्या. वाचताना मी थांबले. ही तर जिलेबी! आणि आहेच ती जिलेबी, नावही तेच. झुलाबिया पूर्वेकडे येत येत आपल्याकडे जिलेबी झाली. तेव्हा भोकातून पीठ थेट तेलात पाडायची युक्ती स्पेनमध्ये पोर्तुगीज चीनला जायच्या अडीचशे वर्षं आधी लिहून ठेवलेली होती. ती शिकायला कुणाला समुद्र ओलांडायची गरज नव्हती.

स्पेनच्या बोलीतही हा धागा शिल्लक आहे. कोर्दोबात चुरोला चुरो म्हणतच नाहीत, 'हेरिंगो' म्हणतात. मालागात 'तेहेरिंगो'. हेरिंगा म्हणजे पिचकारी. पिचकारीतून पाडलेला तो हेरिंगो. सेव्हिलमध्ये 'कालेंतितोस', म्हणजे गरमगरम. चीनची सावलीसुद्धा यातल्या एकाही नावात नाही.

चुरो नेमका अमुक माणसानं अमुक साली शोधला असं सांगता येत नाही, आणि सांगायची गरजही नाही. आपल्या चकलीचा तरी शोध कुणी लावला?

मेंढीचं. चुर्रा नावाची मेंढी स्पेनमध्ये आहे, एवढं खरं. डोंगरातल्या मेंढपाळांना पाव मिळत नसे म्हणून त्यांनी चुरो तळले, असाही एक भाग या गोष्टीला जोडलेला असतो. पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणारा माणूस कढईभर तेल आणि पीठ पाडायचा साचा घेऊन डोंगर चढेल? स्पॅनिश मेंढपाळ निखाऱ्यावर बिनखमिराची भाकरी भाजत आले, शिळ्या पावाचा चुरा परतून खात आले; ते पदार्थ आजही आहेत. 'चुरो' हा शब्द तेलात पीठ पडल्यावरच्या आवाजावरून आला असावा असं काही भाषाभ्यासक मानतात. मराठी माणसाला हे पटायला वेळ लागू नये, आपल्याकडेही तेलात काही पडलं की 'चर्र' होतं. आणि भलत्याच दोन गोष्टींची गल्लत करणाऱ्याला स्पॅनिशमध्ये म्हणतात, 'चुर्रा आणि मेरिनो मेंढ्या एकत्र करू नकोस'. इथे तर मेंढी आणि तळण एकत्र केलंय.

सान हिनेस. उत्तम दुकान आहे, जरूर जा. माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकापासून दोन मिनिटांवर एका बोळात, जवळजवळ चोवीस तास उघडं, १८९४ पासूनचं. पण पहिला चुरो तिथला? पाम्प्लोना शहरात 'ला मान्यूएता' नावाचं चुरोचं दुकान १८७२ पासून आहे. बावीस वर्षं आधी. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं एक शोध घेतला असता तरी कळलं असतं. ला मान्यूएता वर्षातले मोजकेच दिवस उघडतं, जुलैत सान फेर्मिनच्या उत्सवात आणि ऑक्टोबरच्या रविवारी. बीच झाडाच्या लाकडाच्या जाळावर तळतात आणि पहाटेपासून रांग लागते. मला एकदाच योग आला. धुरानं काळी पडलेली भिंत, पांढऱ्या झग्यातल्या बायका, आणि हातात आलेला चुरो इतका हलका की कागद रिकामा वाटला.

मालागाला गेलात तर १९३२ पासूनचं 'कासा अरांदा'. ग्रानादाला बिब-रांब्ला चौकातल्या कुठल्याही कॅफेत बसा. पण स्पेनमध्ये नावाजलेल्या दुकानांच्या मागे धावायची गरज नसते. ज्या गल्लीत सकाळी आठला म्हातारी माणसं कागदात चुरो गुंडाळून घरी नेताना दिसतात तिथे शिरा. ताजा तळताना दिसला पाहिजे, एवढीच अट. पंधरा मिनिटांनी चुरो चामडं होतो. तिथे एखादी वस्तू हातोहात खपली की म्हणतात, 'चुरोसारखी विकली गेली'.

आणि तो जेवणानंतरचा गोड पदार्थ नाही. सकाळची न्याहारी, संध्याकाळी सहाचं खाणं, किंवा रात्रभर जागल्यावर पहाटेचं. नववर्षाच्या पहाटे तर सान हिनेसच्या बाहेर तोबा गर्दी असते. बरोबर येतं ते चॉकलेट सॉस नसतं, कपातून प्यायचं दाट चॉकलेट असतं, चमच्यावरून संथ ओघळणारं. स्पेनमध्ये वरून फार तर साधी साखर. दालचिनी-साखरेत घोळवायची रीत मेक्सिकोची, तिथून ती अमेरिकेत गेली. ती वाईट नाही, मेक्सिको सिटीतलं 'एल मोरो' १९३५ पासून त्यावरच उभं आहे, आणि ते काढलं होतं एका स्पॅनिश स्थलांतरितानंच. अर्जेंटिनात आत आटवलेल्या गोड दुधाचं सारण भरतात. मार देल प्लाताच्या किनाऱ्यावर विक्रेते टोपल्या घेऊन वाळूतून ओरडत फिरतात. फिलिपिन्समध्ये स्पॅनिश राजवटीबरोबर पोचलेला चुरो आजही चॉकलेटबरोबरच खातात. पोर्तुगालमध्ये जत्रेत मिळतात त्या 'फार्तुरा', जाड आणि मऊ. ज्यांनी म्हणे हा पदार्थ युरोपात आणला, त्यांच्याकडे तो याच वेगळ्या नावानं जत्रेत विकला जातो.

अंड्याचं मात्र बऱ्यापैकी खरं आहे. स्पेनच्या पारंपरिक चुरोत मैदा, पाणी, मीठ, बाकी काही नाही. पण बाहेर अनेक कॅफे लोणी आणि अंडं घालून पीठ करतात, मऊ होतं म्हणून. तेव्हा 'चुरो म्हणजे बिनअंड्याचाच' हे गृहीत धरून कुठल्याही कॅफेत खाऊ नका. विचारा. आणि त्याच कढईत आणखी काय काय तळतात तेही विचारा.

मावशीनं काल भिशीच्या ग्रुपवर स्वतःच्या हाताचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं की ही कृती कुणी करू नका. तासाभरात सहा जणींनी एकच विचारलं, मग कशी करायची? म्हणून ही देते. मी स्वतः पुष्कळदा केलेली आहे.

एक वाटी मैदा चाळून घ्या. एक वाटी पाण्यात पाव चमचा मीठ घालून खळखळून उकळा, गॅस बंद करा, मैदा एकदम ओता आणि लाकडी उलथन्यानं जोरात घोटा. कोरडा मैदा कुठे दिसता कामा नये. दहा मिनिटं झाकून ठेवा. कोमट झाल्यावर हातानं मळा, गुठळी राहू देऊ नका. सोऱ्यात भरताना दाबून भरा, मध्ये हवा राहू नये, चकलीला घेता तीच काळजी. चकती चांदणीचीच. तेलावर थेट पाडू नका. आधी कागदावर वीतभर लांबीचे सरळ चुरो पाडून घ्या, म्हणजे कुठला जाड, कुठला तुटका ते दिसतं आणि तो बाजूला काढता येतो. तेल मध्यम आचेवर. पिठाचा छोटा तुकडा टाकला की तो लगेच वर येऊन सावकाश तांबूस झाला पाहिजे, काळपट नाही. तेलातून धूर निघाला तर गॅस बंद करून थांबा. एकदा एकच चुरो तळून बघा, मग तीन-तीन. लांब दांड्याचा झारा घ्या, ताटली किंवा झाकण हाताशी ठेवा, आणि पोरांना स्वयंपाकघराच्या बाहेर.